साबा नो मिसोनी पहिल्यांदाच करायची आहे: मासा उकळत्या रसात सोडायचा की गार?

आलेपाक

बांगड्याचं तिखलं, सुरमईचं कालवण हे रोजचं आहे, त्यामुळे मासळीची भीती नाही. पण जपानी पद्धतीचा रसात शिजवलेला मासा, इथे ज्याला निझाकाना म्हणतात, तो कधी केलेला नाही. मुक्काम योकोहामात, म्हणजे सामानाची अडचण नाही. सुरुवात साबा नो मिसोनीपासून करावी म्हणते. साबा म्हणजे आपल्या बांगड्याच्या घराण्यातला थोरला, मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्यात, शिजवलेला.

चार जपानी पाककृती शेजारी शेजारी ठेवून वाचल्या आणि गोंधळ वाढला. एकीत रसाला उकळी आणून मग मासा सोडा, दुसरीत गार रसात मासा ठेवूनच गॅस पेटवा. एकीत मिसो सुरुवातीला, दुसरीत शेवटी, तिसरीत दोनदा विभागून. मासा आधी गरम पाण्यातून काढा हे सगळ्यांत आहे, पण का ते कुठेच नाही. आपण तर हळद-मीठ चोळून ठेवतो. रसही इतका थोडा की चार तुकडे बुडणारच नाहीत असं दिसतंय. मग मधे उलटायचे का? आणि ओतोशिबुता नावाचं लाकडी झाकण विकत घ्यावंच लागतं, की एरवीचं झाकण चालेल?

फ्रीजरमध्ये नॉर्वेच्या साबाची दोन अर्धुकं आहेत, प्रत्येकी १८० ग्रॅमच्या आसपास. प्रमाणासकट कुणी सांगेल का?

त्सुकिजीचा_बोका

आधी पाकीट परत वाचा. नॉर्वेच्या गोठवलेल्या अर्धुकांवर पुष्कळदा ‘शिओ-साबा’ लिहिलेलं असतं. तो खारवलेला, भाजायचा मासा. त्यावर मिसो पडला की ताटात घेववणार नाही. मिसोनीला ‘नामा’, म्हणजे बिनखारवलेला साबा हवा. तुमचा शिओ-साबा निघाला तर सरळ ग्रिलवर भाजा, वर किसलेला मुळा घाला आणि मिसोनीसाठी दुसरा आणा. ‘शिमे-साबा’ही उचलू नका, तो व्हिनेगरमधला असतो.

नामा निघाला असं धरून पुढचं लिहितो.

रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बर्फ उतरवा. नळाखाली धरू नका आणि ओट्यावर तर मुळीच ठेवू नका. पाकिटात सुटलेलं तांबूस पाणी फेकून द्यायचं, निम्मा वास त्यातच असतो. प्रत्येक अर्धुकाचे आडवे दोन, असे चार तुकडे करा. कातडीवर अर्धा सेंटिमीटर खोल फुलीचा छेद द्या. हा नुसता शोभेचा नाही. तापल्यावर कातडी आतल्या मांसापेक्षा जास्त आकसते. तिला फाटायला जागा आपण नेमून दिली नाही तर ती आपल्या मर्जीने फाटते. शिवाय पाठीकडचा जाड भाग त्या छेदातून पोटाकडच्या पातळ भागाच्या बरोबरीने शिजतो.

तुकड्यांना दोन्ही बाजूंनी मिळून ३-४ ग्रॅम मीठ लावून १५ मिनिटं तिरक्या ताटात ठेवा. पाणी सुटेल, ते टाकायचं. आपलं हळद-मीठ हेच काम करतं, फक्त इथे हळद नको. तिचा रंग आणि कडवट झाक मिसोत बसत नाही.

आता ते गरम पाणी. याला शिमोफुरी म्हणतात, म्हणजे ‘हिव पडणं’. तुकड्यावर पांढुरका थर धरतो, पहाटे गवतावर हिव धरावं तसा, म्हणून हे नाव. एक लिटर पाण्याला उकळी आणून गॅस बंद करायचा आणि त्यात वाटीभर गार पाणी ओतायचं, म्हणजे ते ८५-९० अंशांवर येतं. खळखळत्या पाण्यात घातलं तर कातडी तिथेच सोलवटते. एकेक तुकडा झाऱ्यावर घेऊन मोजून १० सेकंद बुडवा, रंग बदलला की लगेच गार पाण्यात. मग बोटांच्या टोकांनी हळूच चोळा. मधल्या काट्यालगतचं काळपट रक्त, कातडीवरचा चिकटा, राहिलेले बारीक खवले, हे सगळं आता घट्ट झालेलं असतं आणि सहज सुटतं. कच्च्या माशावरून ते निघत नाही, नुसतं पसरतं. हिंवस वास असतो तो इथे. ही पायरी गाळून वर कितीही आलं घातलं तरी फरक पडत नाही. शेवटी कागदाने टिपून कोरडे करा.

रसासाठी: पाणी १५० मिली, साके (तांदळाची दारू) १०० मिली, साखर दीड मोठा चमचा, मिरिन (स्वयंपाकाची गोड दारू) १ मोठा चमचा, मिसो अडीच मोठे चमचे (सुमारे ४५ ग्रॅम), शोयू (सोया सॉस) १ लहान चमचा, आलं १५ ग्रॅम, सालीसकट पातळ चकत्या करून. मोठा चमचा १५ मिलीचा, लहान ५ मिलीचा, दोन्ही सपाट भरून. पोह्याच्या चमच्याने मोजू नका. जपानी पाककृतीतला कप २०० मिलीचा असतो आणि तांदळाचं माप १८० मिलीचं. अमेरिकन २४० मिलीच्या कपाने मोजलं की रस पातळ राहतो आणि लोक मिसोला दोष देतात. साध्या पाण्याऐवजी दाशी, म्हणजे जपानी सूपाचं चवदार पाणी, घालायची गरज नाही, साबाच्या चरबीतच पुरेशी चव आहे.

भांडं पसरट हवं, तळ २२ ते २४ सेंटिमीटर. घरी लंगडी असेल तर तीच काढा. तुकडे एका थरात, एकमेकांवर न चढता बसले पाहिजेत. पाणी, साके, मिरिन, साखर आणि आलं घालून उकळी आणा, एक मिनिट उकळू द्या म्हणजे साकेचा उग्रपणा जातो. मग तुकडे कातडी वर करून ठेवा. रस तुकड्याच्या निम्म्या-पाऊण उंचीपर्यंत येईल, तो तेवढाच हवा. परत उकळी आली की वरचा फेस काढा. मिसोपैकी दोन तृतीयांश एका वाटीत थोड्या गरम रसात कालवून ओता आणि वर ओतोशिबुता ठेवा.

ओतोशिबुता भांड्यापेक्षा २-३ सेंटिमीटरने लहान असतं आणि काठावर न टेकता थेट माशावर बसतं. उकळी वर येते, झाकणाला आपटते आणि माशाच्या पाठीवरून पसरत खाली जाते. म्हणून अर्धवट बुडालेला मासाही वरून शिजतो आणि उलटावा लागत नाही. उलटलात तर कातडी तळाला चिकटून राहील, तुकडा हातात येईल. लाकडी झाकण विकत घ्यायची गरज नाही. बेकिंगचा कागद गोल कापा, मध्ये रुपयाएवढं भोक आणि कडेला दोन-चार लहान भोकं पाडा. लाकडीच वापरणार असाल तर आधी पाण्याने ओलं करा, नाहीतर पहिला रस तेच पितं आणि पुढच्या गोड पदार्थाला साबाचा वास येतो. एरवीचं घट्ट झाकण मात्र नको. वाफ आत कोंडते, वास परत रसात उतरतो आणि रस आटत नाही.

आच मध्यम, बुडबुडे झाकणाच्या कडेने दिसत राहतील इतकी. ८ मिनिटं. मग झाकण काढून उरलेला मिसो आणि शोयू घाला आणि ३-४ मिनिटं उघड्यावर आटवा. या वेळात चमच्याने रस सारखा कातडीवर सोडत राहायचा. रसाला तकाकी आली आणि तो चमच्याच्या पाठीला धरून राहिला की झालं.

मिसो दोनदा का, तर पहिल्या हप्त्याचं काम वास धरून ठेवायचं आणि खारटपणा द्यायचं. पण मिसोचा सुगंध उकळीत उडून जातो, तो दुसऱ्या हप्त्यातून परत आणायचा. जपानी घरांत मसाल्यांचा क्रम पाठ करायला सा-शि-सु-से-सो असं म्हणतात: सातो साखर, शिओ मीठ, सु व्हिनेगर, से म्हणजे शोयू (जुन्या लेखनात ‘सेउयु’) आणि सो म्हणजे मिसो. साखरेचा रेणू मिठापेक्षा खूप मोठा, त्यामुळे ती सावकाश शिरते. म्हणून ती आधी. शोयू आणि मिसो हे सुगंधाचे, म्हणून शेवटी.

उकळत्या रसातच मासा सोडा. बाहेरचा थर पटकन घट्ट होतो आणि चव आत राहते.

शिंपली

बोकेबुवांचं प्रमाण डोळे झाकून घ्यावं असं आहे. फक्त शेवटच्या दोन वाक्यांशी माझं जमत नाही.

बाहेरचा थर घट्ट झाल्याने आतलं पाणी कोंडलं जात नाही. तापमान वाढलं की प्रथिनं आकसतात आणि पाणी बाहेर येतंच, थर असो वा नसो. उकळत्या रसाचा खरा फायदा वेगळा आहे. मासा कोमट रसात जितका जास्त वेळ पडून राहतो तितकं त्याचं रक्त आणि विरघळणारी प्रथिनं रसात उतरतात, रस गढूळ होतो आणि वास धरतो. गरम रसात हा मधला काळ मिनिटाभराचा होतो. पण शिमोफुरी नीट केली असेल तर उतरण्यासारखं थोडंच शिल्लक असतं, म्हणून गार रसापासून सुरुवात केलेली पाककृतीही चुकीची नाही. तिचा फायदा असा की कातडीला एकदम चटका बसत नाही आणि ती कमी फाटते. पहिल्या वेळी मात्र उकळता रसच बरा, कारण वेळ मोजायला सोपं जातं.

मिसो कोणता हे राहिलं. वरचं प्रमाण शिन्शू मिसोचं आहे, नागानोकडचा तो फिक्या पिवळट रंगाचा. त्यात मीठ १२ टक्क्यांच्या आसपास. क्योतोचा गोडसर पांढरा साइक्यो घेतलात तर मीठ जेमतेम ५ टक्के आणि गोडी बरीच. तेव्हा मिसो चार चमचे, साखर अर्धा चमचा आणि शोयू थोडा वाढवून. आइची भागातला हात्चो मिसो नुसत्या सोयाबीनचा, गर्द आणि तुरट. तो उकळला तरी सुगंध टिकवतो, म्हणून नागोयाकडे तो बिनधास्त रटरटवतात. तो एकटाच घातला तर नवख्याला जड वाटतो. निम्मा हात्चो आणि निम्मा शिन्शू अशी जोडी साबाच्या चरबीला चांगली पेलते. ‘दाशी-इरी’ (दाशी मिसळलेला) लिहिलेला डबा मात्र या पदार्थाला नको.

आणि मुख्य मुद्दा, जो आपल्याला सर्वांत अवघड जातो. कालवण दुसऱ्या दिवशी मुरलं की चांगलं लागतं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. निझाकाना मुरवायचा पदार्थ नाही. तुकडा मोडला की आत पांढरं, रसदार मांस दिसलं पाहिजे आणि बाहेर दाट रसाचा लेप. चव त्या लेपातून येते, तुकडा रसात टेकवून खायचा असतो. ‘आत चव शिरली नाही’ म्हणून २५ मिनिटं शिजवलं तर मांस भुसभुशीत आणि कोरडं होतं, रस मात्र तोंडात घालवत नाही इतका खारट. थोडं मुरलेलंच हवं असेल तर वेळ आचेवर वाढवू नका. गॅस बंद करून १५ मिनिटं रसात तसंच राहू द्या आणि वाढताना हलकं गरम करा. मीठ आत जायला वेळ लागतो, उकळी लागत नाही.

घरचा_पाटा

वाचतोय. एक अडचण: घरात दारू स्वयंपाकातही चालत नाही. साके आणि मिरिन दोन्ही वगळलं तर काय उरतं? शिजवताना ती सगळी उडून जाते असं सांगतात, ते खरं का?

शिंपली

सगळी उडत नाही. १०-१२ मिनिटांच्या शिजवण्यात काही अंश राहतोच, त्यामुळे ज्यांना चालत नाही त्यांनी ‘उडून जाते’ यावर विसंबू नये. लेबलही बघा: होन-मिरिनमध्ये अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास असतं. ‘मिरिन-फू’ लिहिलेल्या बाटलीत १ टक्क्याहून कमी, ती मुख्यतः साखरेचा पाक; पण अगदी शून्य नाही.

दारूची कामं इथे तीन: उडताना वास सोबत नेणं, मांस थोडं घट्ट ठेवणं आणि चवीला भर. पहिल्या कामासाठी मीठ लावून ठेवण्याचा वेळ १५ ऐवजी २५ मिनिटं करा, शिमोफुरी चुकवू नका, आलं दुप्पट घ्या आणि रसात एक लहान चमचा तांदळाचं व्हिनेगर घाला. माशाचा वास देणारे अमाइन आम्लारीधर्मी असतात, आम्लाने ते बांधले जातात. आपण कोकम-चिंच घालतो ते यासाठीही. चवीच्या भरीसाठी २५० मिली पाण्यात बोटभर कोम्बू (वाळवलेलं समुद्री शेवाळ) अर्धा तास भिजवून तेच पाणी वापरा. मिरिनच्या जागी साखर एक लहान चमचा जास्त. तकाकी किंचित कमी येईल, बाकी पदार्थ उभा राहतो. व्हिनेगर म्हणून विकतचं ‘सुशी-झु’ नको, त्यात मीठ-साखर आधीच असते.

ज्यांना दारू चालते पण स्वस्तातली ‘र्‍योरिशु’ (स्वयंपाकाची साके) आणतात त्यांच्यासाठी: त्यात पिण्याजोगी राहू नये म्हणून मीठ घातलेलं असतं, २-३ टक्के. ती १०० मिली घातली तर शोयू पूर्ण वगळा.

खाडीपलीकडे

गोवा-सिंधुदुर्गाकडे हेच बांगड्यावर करणाऱ्यांसाठी लिहितो, कारण इथे साबा कुठून आणणार.

आपला बांगडा आणि साबा एकाच कुळातले, पण बांगडा लहान, चरबी कमी, कातडी नाजूक. त्याची अर्धुकं काढू नका, रसात विरघळल्यासारखी होतात. डोकं आणि पोटातलं काढून, मधल्या काट्यासकट आडवे दोन तुकडे करा. काटा तुकडा बांधून ठेवतो आणि रसालाही दाटपणा देतो. पोटातली काळी पापुद्र्यासारखी त्वचा आणि काट्यालगतची रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने काढायची, कडवटपणा तिथून येतो. शिमोफुरी ५ सेकंदच. चार मध्यम बांगड्यांना वरचंच प्रमाण पुरतं. वेळ मात्र ८ ऐवजी ५ मिनिटं आणि आटवणं वेगळं, ते मासा बाहेर काढून. साखर आपल्या जिभेला फार वाटेल. एका मोठ्या चमच्यावर आणा, पण शून्य करू नका. तकाकी आणि दाटपणा तिचाच असतो आणि नुसता मिसो खारट-उग्र लागतो.

सुरमईच्या कापा यापेक्षा सोप्या. सुरमईची जपानी बहीण सावारा, तिचीही मिसोनी करतात. २ सेंटिमीटर जाडीची काप, ८ मिनिटं, बास. तारल्या मिळाल्या तर मिसो वगळा आणि उमेबोशीचा रस करा, म्हणजे खारवलेल्या उमे फळाचा: आठ तारल्यांना दोन उमेबोशी, शोयू दोन मोठे चमचे, बाकी पाणी, साके, साखर, आलं तसंच. आंबट-खारट असल्याने आपल्या तोंडाला ही चव पहिल्या घासाला ओळखीची लागते.

साके नसेल तर कोरडी पांढरी वाइन ८० मिली चालते. फेणी घालू नका, तिचा वास साबालाही हरवतो. मिसोचा डबा फ्रीजरमध्ये ठेवा; मिठामुळे घरगुती फ्रीजरमध्ये तो दगडासारखा गोठत नाही, चमच्याने सरळ काढता येतो. वरून तिरफळाची चिमूट घालून बघायला हरकत नाही. जपानी सान्शो आणि आपलं तिरफळ एकाच प्रजातीतल्या दोन जाती, जिभेला मुंग्या आणणारा गुण सारखाच. बी काढून नुसतं टरफल, तेही मिठाएवढं. बांगड्याच्या कालवणात घालतो तेवढं घातलंत तर मिसो गुपचूप बसेल.

आलेपाक

पाकीट शिओ-साबाच निघालं! ते भाजलं. नामा आणून वरच्याप्रमाणे केली. वास अजिबात नाही, तुकडे अखंड. दोन गोष्टी बिघडल्या: १२ मिनिटांनंतरही रस पातळ होता, आणि तो दाट व्हावा म्हणून आच वाढवली तर मिसो तळाला लागून किंचित कडवट झाला. पॅन २० सेंटिमीटरचा, खोलगट आहे. आणि एका तुकड्यावर झाकणाचा कागद चिकटून कातडी त्याच्याबरोबर आली.

त्सुकिजीचा_बोका

पहिल्या दोन्हींचं मूळ पॅनमध्ये आहे. अरुंद भांड्यात वाफ निघायला पृष्ठभाग कमी, त्यामुळे तेवढ्याच वेळात पाणी कमी उडतं. दुसरं भांडं नसेल तर पाणी १५० ऐवजी १०० मिली घ्या आणि दोन-दोन तुकडे करून शिजवा.

रस पातळ राहिला तर मासा वाट बघत बसत नाही, तो शिजून पुढे जातो. म्हणून ८ आणि ३ मिनिटं झाली की रस कसाही असो, तुकडे रुंद उलथन्याने खालून उचलून ताटलीत काढा. चॉपस्टिकने उचलायला जाऊ नका, मधोमध मोडतात. मग एकटा रस मध्यम आचेवर, तळ खरवडत, ढवळत आटवा. २५० मिलीपासून निघून ८०-१०० मिलीवर आला पाहिजे. तळावरून उलथनं ओढलं की रेघ क्षणभर दिसते, तिथे थांबायचं. गार होताना तो आणखी दाटतो, म्हणून वाटतं त्याच्या जरा आधीच. कॉर्नफ्लॉवर घालून दाट करू नका. रस चकचकीत दिसतो पण जिभेवर लापशीसारखा लागतो.

लागण्याबद्दल: मिसोतले सोयाबीन-तांदळाचे कण तळाला बसतात आणि त्यात साखर असतेच. पहिला मिसो गाळणीतून रसात घासून घाला आणि तो पडला की आच एक पायरी खाली. एकदा लागलेला रस साखर घालून सुधारत नाही. तळ न खरवडता वरचा रस दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, तेवढाच वाचतो.

कागद चिकटतो तो कोरडा ठेवल्यामुळे. आधी पाण्याखाली धरून चुरगळा, मग उलगडून घाला. आणि काढताना सरळ वर न ओढता कडेपासून आडवा सोलत काढा.

शिंपली

उरलं तर काय, हे कुणी विचारलं नाही, पण साबाच्या बाबतीत सांगायलाच हवं. जपानीत ‘साबा नो इकिगुसारे’ म्हणतात, साबा जिवंतपणीच नासतो. अतिशयोक्ती आहे, पण कारण खरं आहे. साबा, बांगडा, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा उष्ण जागी राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, अंगावर गांधी, डोकं ठणकणं. शिजवल्याने हिस्टामिन नष्ट होत नाही आणि वासावरूनही ते कळेलच असं नाही. म्हणून काळजी शिजवण्याआधी घ्यायची: दुकानातून बर्फासोबत घरी, फ्रीजमध्ये ४-५ अंशांखाली, बर्फ उतरवलेला मासा त्याच दिवशी. घास जिभेला मिरीसारखा चुणचुणला तर तिथेच थांबा आणि बाकीचं टाकून द्या. (तिरफळ घालणाऱ्यांनी ही खूण वापरता येणार नाही हे लक्षात ठेवावं.)

साबात अनिसाकिस नावाची कृमीही असते. ती ६० अंशांवर मिनिटभरात, ७० अंशांवर लगेच मरते, म्हणजे मिसोनीत तिची चिंता नाही.

शिजलेली मिसोनी तासाभराच्या आत फ्रीजमध्ये, रसासकट, दोन दिवस. सकाळी रस थरथरणाऱ्या जेलीसारखा गोठलेला दिसेल. खराब झालेला नाही. कातडी आणि काट्यातलं कोलाजन आहे ते, निकोगोरी म्हणतात. गरम भातावर ठेवलं की वितळतं, कित्येकांना तुकड्यापेक्षा तेच प्रिय. गरम करायचं तर पसरट भांड्यात दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर. मायक्रोवेव्हमध्ये कातडीखालची वाफ फुटून सगळीकडे उडते.

आणि घेताना ऋतू बघा. जपानी किनाऱ्याचा साबा शरद ऋतूत चरबी धरतो. ‘शरदातला साबा सुनेला खाऊ घालू नये’ अशी म्हण आहे तिथे. सासवा सगळीकडच्या सारख्याच. उन्हाळ्यातला स्थानिक साबा रोडावलेला असतो, मिसोनीत तो कोरडा लागतो. नॉर्वेचा गोठवलेला वर्षभर चरबीदार मिळतो, म्हणून शिकायला तोच सोयीचा.

आलेपाक

कळलं, पुढच्या वेळी रुंद पॅन. कोपऱ्यावरच्या दुकानात कारेई दिसते, चपटी, गाबोळीसकट. तीही मिसोतच करायची का?

त्सुकिजीचा_बोका

नाही. मिसो चरबीदार, वासाच्या माशाला. कारेईसारख्या पांढऱ्या मांसाच्या माशावर तो कुरघोडी करतो. तिला शोयूचं नित्सुके, म्हणजे शोयूच्या गोडसर रसात शिजवणं. २०० ग्रॅमच्या दोन तुकड्यांना पाणी १५० मिली, साके १०० मिली, शोयू ३ मोठे चमचे, मिरिन ३ मोठे चमचे, साखर १ मोठा चमचा, आलं चार चकत्या. शिमोफुरी आणि झाकण तसंच, मीठ लावून ठेवणं नको. आच मात्र मिसोनीपेक्षा जोरात, ८ ते १० मिनिटं. इथे तळाला लागायला मिसो नाही, आणि बुडबुडे झाकणापर्यंत चढलेच पाहिजेत.

दुकानात हिरामे आणि कारेई सारख्याच दिसतात. गडद बाजू वर आणि पोट आपल्याकडे करून ठेवली की तोंड डावीकडे येतं ती हिरामे, उजवीकडे येतं ती कारेई. गडद कातडीला फुलीचा छेद द्या, तीच बाजू वर. गाबोळी तुकड्यात बसलेली असते, तिला खालून झाऱ्याचा आधार देऊन उचला, नाहीतर पिशवी फुटून दाणे रसभर होतात. मांसापेक्षा तिला दोन मिनिटं जास्त लागतात, म्हणून तुकडा मांडताना गाबोळीची बाजू पॅनच्या मध्यभागी, जिथे आच थेट लागते.

खाडीपलीकडे

याच रसात पापलेट उत्तम होतं. त्याचा जपानी भाऊबंद मानागात्सुओ, ओसाका-क्योतोकडे मानाचा मासा. २५० ग्रॅमचं अख्खं पापलेट, दोन्ही बाजूंना तिरपे दोन छेद, ८ मिनिटं. झालं की नाही हे बघायला मधल्या काट्याजवळ बांबूची काडी खुपसा. मांस काट्यापासून सुटलं पाहिजे आणि काट्यालगत गुलाबी दिसता कामा नये. ताटात डोकं डावीकडे, पोट खाणाऱ्याकडे.